दोरा ताणला की वाट दिसते

काकूंच्या लेकीचं विमान दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं होतं आणि फोनवरच्या नकाशात त्याची रेघ उत्तरेकडे धनुष्यासारखी वाकली होती. "सरळ जायचं सोडून एवढं वर कशाला चढलं हे?" सदाशिव पेठेतल्या आमच्या शेजारच्या काकूंचा जीव वरखाली. मी कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला आणि त्यांच्याकडूनच शिवणाचा दोरा मागून घेतला.

गोल ३० सेंमी व्यासाचा, म्हणजे घेर सुमारे ९४ सेंमी. पृथ्वीचा घेर ४०,००० किमी धरला, तर गोलावरचा एक सेंमी म्हणजे साधारण ४२५ किमी. म्हटलं, सुरुवात आपल्या पुण्यापासूनच करू. आधी दोरा फूटपट्टीने आखल्यासारखा लावला: पुण्याहून म्यानमार, तैवान, मग सगळा पॅसिफिक. बोटांनी दाबून धरावा लागला, कारण तो सारखा वर सरकू पाहत होता. लांबी ३८ सेंमी. मग मधली बोटं काढली आणि दोन्ही टोकं ताणली. दोरा आपसूक उत्तरेला गेला आणि दिल्लीजवळून, चीनमधलं शिनजियांग, सायबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का असा बसला. लांबी ३२ सेंमी! सहा सेंमी वाचले, म्हणजे अडीच हजार किमी. ताशी ९०० किमीने जवळजवळ तीन तास. काकूंनी दोरा स्वतः ताणून पाहिला, तेव्हा कुठे त्यांना पटलं.

ही ताणलेली वाट म्हणजे बृहद्‌वृत्ताचा तुकडा, म्हणजे गोलाचे बरोबर दोन सारखे भाग करणाऱ्या वर्तुळाचा. पुणे ते सॅन फ्रान्सिस्को अशी सुमारे १३,५०० किमी. सपाट नकाशात ती वाकडी दिसते, कारण ६० अंशांवरचं अक्षवृत्त विषुववृत्ताच्या निम्म्या लांबीचं असूनही भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात त्याच्याएवढंच ताणून काढलेलं असतं.

पण अंतर कळलं म्हणून वेळ कळत नाही, आणि मला खरी गंमत इथेच वाटते. दहा-बारा किमी उंचीवर जेट वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, कधी ताशी २०० किमीच्याही वर. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून, वाऱ्याच्या तोंडावर जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १,४०० किमीने वाढून १५,३०० किमी झाली, तरी साडेचौदा तासांत पोचलं, जवळजवळ दोन तास लवकर! पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदा मिळतो असं अनेकांना वाटतं. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे तसं होत नाही. विमानाला पुढे ढकलतो तो वारा.

"मग परत येताना?" काकूंनी विचारलं. त्याच वाटेने आली, तर वारा समोरून, म्हणजे वेळ जास्त.

जाताना मात्र घड्याळ चकवतं. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. पहाटे अडीचला दिल्ली सोडलेलं विमान साडेचौदा तास उडून तिथे उतरतं, तेव्हा त्याच तारखेची पहाटेचीच साडेचारची वेळ झालेली असते. आपल्याकडे संध्याकाळचे पाच. काकूंनी चहा ठेवला आणि फोन ओट्यावर, हाताशी ठेवला.