मेलेल्या चिपच्या जागी कोणती चिप?

सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८२ साली ब्रिटनमध्ये बाजारात आला. त्याचा पुढचा अवतार, स्पेक्ट्रम प्लस, १९८६पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात विकला. म्हणजे आपल्याकडेही एखाद्या माळ्यावर तो अजून निघू शकतो. टीव्हीला जोडल्यावर, सुरू होताना येणाऱ्या कॉपीराइटच्या ओळीऐवजी उभे पट्टे दिसले, तर पहिला संशय मेमरीवर घ्यायचा.

पहिल्या १६ केबीसाठी यात ४११६ क्रमांकाच्या आठ चिप असतात. बाइटमधला एकेक बिट एकेका चिपकडे. पडद्यावरचं चित्रही याच १६ केबीत साठतं, त्यामुळे एक चिप गेली की दर आठ ठिपक्यांमागे तोच ठिपका चुकतो. कितवा चुकतोय ते मोजलं की गुन्हेगार सापडला. मीटरची गरज नंतर.

नंतर मात्र ती आहेच. ४११६ला तीन वेगवेगळे व्होल्ट लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२ आणि पिन ९ वर ५. यातले उणे ५ व्होल्ट गायब झाले आणि १२ चालू राहिले, तर चिप जळते. ते न तपासता नवी बसवलीत तर तीही जाईल. बाकी व्होल्ट स्थिर ठेवणारा ७८०५ रेग्युलेटर किंवा वाळलेले कपॅसिटर ही किरकोळ बाब आहे, नवे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात.

४११६ आता कोणी बनवत नाही. जुना साठा संपेपर्यंत मिळेल तेवढी. मग तिची धाकटी बहीण ४१६४ कामी येते. ती चौपट मोठी, आणि तिला फक्त ५ व्होल्ट पुरतात. पिना दोघींनाही सोळाच. बोर्डावरचे १२ आणि उणे ५ व्होल्ट तोडायचे आणि पिन ८ला ५ व्होल्ट द्यायचे. गंमत पिन ९ची आहे. ४१६४मध्ये ती पत्त्याची, म्हणजे चिपमधली जागा सांगणारी पिन असते, पण बोर्ड तिला कायम ५ व्होल्ट देतो. म्हणजे पत्त्यातला तो बिट सतत १. ही पिन आधी ओळ आणि मग स्तंभ सांगायला अशी दोनदा वापरली जाते, म्हणून चिपचा फक्त चौथा हिस्सा वापरात येतो: ६४पैकी १६ किलोबिट. अगदी हवा तेवढाच! बोर्डाला हात लावला म्हणून काही संग्राहक नाकं मुरडतात. मला चालू मशीन जास्त आवडतं.

असली काटकसर खुद्द सिंक्लेअरनेही केली होती. ४८ केबीच्या मॉडेलमधल्या वरच्या ३२ केबीसाठी त्यांनी अर्ध्या सदोष निघालेल्या ६४ किलोबिटच्या चिप स्वस्तात घेतल्या. चांगला अर्धा भाग कोणता, ते बोर्डावरच्या एका जोडणीने ठरायचं. आज तिथे धडधाकट ४१६४ बसवता येते.

कुठला भाग मिळेल हे तो आणखी किती यंत्रांत वापरला गेला यावर ठरतं. स्पेक्ट्रममधला, १९७६मध्ये आलेला झेड८० प्रोसेसर इतक्या ठिकाणी होता, की झायलॉगने २०२४मध्ये उत्पादन थांबवलं तरी त्याचा तुटवडा लगेच जाणवणार नाही. भीती आहे ती खोट्या छापाची. ऑनलाइन घेतलेल्या चिपवर जुन्या, एनमॉस जातीचा क्रमांक असतो आणि आत नवी सीमॉस निघते. हे ओळखायला प्रोसेसरला द्यायची एक अघोषित सूचना आहे, हेक्साडेसिमलमध्ये ईडी ७१. ती चालवली की एनमॉस चिप पोर्टवर शून्य पाठवते आणि सीमॉस २५५. स्पेक्ट्रमच्या २५४ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवा: पडद्याची कड काळी झाली तर एनमॉस, पांढरी झाली तर सीमॉस.

खरी पंचाईत यूएलए, म्हणजे अनकमिटेड लॉजिक अ‍ॅरे या चिपची. फेरांटी कंपनी ट्रान्झिस्टरची पाटी तयार ठेवायची आणि शेवटचा धातूचा थर गिऱ्हाईकाच्या मागणीनुसार चढवायची. चित्र, कीबोर्ड, कॅसेट, सगळं या ४० पिनांच्या चिपकडे, आणि ही चिप याच घराण्याच्या यंत्रांत. फेरांटी १९९३मध्ये बुडाली. हौशी लोकांनी चिपचं सिलिकॉन उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून आतलं सर्किट उलगडलं, म्हणून आज त्याच सॉकेटमध्ये बसणारे प्रोग्रॅमेबल पर्याय मिळतात. मूळ चिपच हवी असेल, तर बंद पडलेला स्पेक्ट्रम विकत घेताना पडद्याचा फोटो मागवा. दर आठ ठिपक्यांमागे एकच चुकत असेल तर मेमरी गेलीय, यूएलए बहुधा जिवंत आहे. घेऊन टाका.