बालसभा (ग्रामीण विदर्भ)

बालसभा : ग्रामसभेआधी घेतली जाणारी, गावातील 18 वर्षांखालील मुलामुलींची सभा. ती सहसा जिल्हा परिषद शाळेत भरते.

उगम : तिचा उगम दोन प्रकारे लावता येतो. पहिला, वर्ध्याच्या 1937 च्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमपासून, म्हणजे गांधीजींच्या हातकामावर आधारलेल्या शिक्षणपद्धतीपासून. सेवाग्रामच्या शाळेत सफाई, स्वयंपाक अशी कामे विद्यार्थ्यांच्या आमसभेत ठरत. दुसरा, संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेच्या 12 व्या अनुच्छेदापासून; मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे म्हणणे ऐकले जावे, हा हक्क तो देतो. भारताने ही संहिता 11 डिसेंबर 1992 रोजी स्वीकारली. दुसरा उगम अधिक ग्राह्य वाटतो, कारण सेवाग्रामची सभा शाळेपुरती होती. तरी मुले कारभार पाहू शकतात, हा विश्वास विदर्भात संहितेच्या निदान अर्धशतक आधीचा आहे, याची नोंद घ्यायलाच हवी.

कायदेशीर स्थान : ग्रामसभेचे सदस्यत्व मतदार यादीशी बांधलेले आहे. 61 व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले, त्याखालचे बाहेरच राहिले. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्यातही (1996) मतदार यादीच आहे; वनहक्क कायदा (2006) ‘प्रौढ’ सदस्यांची ग्रामसभा मानतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे निर्णय मताधिक्याने नव्हे, सर्वसहमतीने होतात. अशा पद्धतीत मुलांच्या म्हणण्याला वाव अधिक असावा; कायद्याने मात्र तो दिलेला नाही. राष्ट्रीय बालधोरणाने (2013) सहभागाला प्राधान्य दिले, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा गावाने ठरवण्याच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमात बालसभा आली आणि शाळा व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थी आले. तरीही बालसभेच्या मागण्या ग्रामसभेवर बंधनकारक नाहीत. ऐकण्याची तरतूद आहे, उत्तर देण्याची सक्ती कोणावरच नाही. हा या धोरणांतील सर्वांत गंभीर दोष होय.

व्यवहार : 15 ऑगस्टला झेंडावंदन झाले की गणवेशातली पोरे खाऊ घेऊन घरी जातात आणि त्यानंतर ग्रामसभा सुरू होते. मुलांच्या मागण्या नेमक्या असतात : मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी, शाळेच्या रस्त्यावरच्या नाल्यावर रपटा (ठेंगणा पूल), मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास योजनेच्या एसटी बसची वेळ. यांतील बस ग्रामपंचायतीच्या हातात नसते; मागणी आगारापर्यंत कोणी न्यायची, हे ठरलेले नसते.

बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालील मुलांना शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत घरच्या शेतात मदत करता येते. प्रत्यक्षात कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग रिकामे होतात. त्या दिवसांत घेतलेल्या बालसभेत मजुरांची मुले क्वचितच असतात.