कळ दाबता दाबता येणारी कळ

मराठीत कीबोर्डवरच्या बटणाला कळ म्हणतात आणि मनगटातून कोपराकडे सरकत जाणाऱ्या वेदनेलाही कळच म्हणतात. रोज सात-आठ तास संगणकावर बसणाऱ्याला हे दोन अर्थ किती जवळचे आहेत ते वेगळं सांगावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत हात जड होतो, खांद्यामागे गाठ आल्यासारखं वाटतं, रात्री बोटांना मुंग्या येतात. मग माणूस 'आरामदायी' कीबोर्ड शोधायला लागतो आणि समोर चित्रविचित्र आकार येतात: दोन तुकड्यांत विभागलेले, तंबूसारखे मधोमध उचललेले, वाडग्यासारखे खोलगट. यातला कुठला घ्यायचा हे ठरवण्याआधी आपला हात चालतो कसा ते पाहायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. निवडीची सुरुवात बोटांपासून करू नये, खांद्यापासून करावी.

एक साधा प्रयोग करा. उजवा हात टेबलावर पालथा ठेवा, डाव्या हातानं तो कोपराच्या थोडं खाली हलकेच धरा आणि उजवी बोटं टाईप केल्यासारखी हलवा. हालचाल डाव्या तळव्याला जाणवते, आणि तीही बोटांपासून इतक्या लांब! कारण बोटं वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटांना ओढतात. आपला हात ही खऱ्या अर्थानं कळसूत्री बाहुली आहे.

या दोऱ्यांपैकी नऊ दोऱ्या मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूनं एका अरुंद बोगद्यातून जातात. त्याचं नाव कार्पल टनेल. त्याची जमीन आणि भिंती मनगटाच्या लहान हाडांच्या, छत एका जाड, चिवट पट्टीचं. यातलं काहीच फारसं ताणलं जात नाही. आणि याच दाटीतून मीडियन ही महत्त्वाची नस जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना तिच्याकडे असते. मनगट सरळ आणि हात सैल असताना बोगद्यातला दाब अगदी कमी, साधारण 10 मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो. रक्तदाब मोजतात तेच हे एकक. मनगट वर किंवा खाली वाकलं की हा दाब चढतो. तो 30च्या आसपास बराच वेळ राहिला, तर नसेचा रक्तपुरवठा मंदावतो आणि तिचं काम बिघडायला लागतं. सगळे 'मनगट सरळ ठेवा' म्हणतात, त्यामागचं कारण हे.

आता उभे राहा. हात दोन्ही बाजूंना सैल सोडा आणि फक्त कोपरातून पुढे वाकवा. तळवे एकमेकांकडे, अंगठे वर, दोन्ही हातांत खांद्याइतकं अंतर. ही हाताची विश्रांतीची ठेवण. तिथून नेहमीच्या कीबोर्डवर जायचं, तर आधी दोन्ही हात पालथे करावे लागतात. त्यासाठी कोपर-मनगटामधल्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्यावरून आडवं फिरतं आणि जवळजवळ आपल्या मर्यादेपर्यंत वळून तसंच राहतं. मग दोन्ही हात पोटासमोर एकत्र आणावे लागतात आणि कळांच्या सरळ ओळींशी जुळवून घ्यायला मनगटं करंगळीच्या दिशेनं मुडपतात, साधारण 10 ते 15 अंशांनी. कीबोर्ड जाड असेल किंवा त्याच्या मागचे पाय उघडलेले असतील, तर मनगट वरच्या बाजूलाही वाकतं. आणि उजव्या टोकाला अंकांच्या कळांचा चौकोन असेल, तर त्याच्याही पलीकडच्या माऊससाठी अख्खा दंड बाहेर न्यावा लागतो. यातली एकही गोष्ट क्षणभर केली तर त्रासाची नाही. तासन् तास त्याच ठेवणीत राहणं त्रासाचं आहे.

ही ठेवण आली टाईपरायटरपासून. क्रिस्टोफर शोल्स यांना 1868 मध्ये त्यांच्या यंत्राचं पेटंट मिळालं आणि 1874 मध्ये रेमिंग्टननं ते बाजारात आणलं. त्यात प्रत्येक कळीखाली एक दांडा होता. हे दांडे एकमेकांना अडू नयेत म्हणून कळांच्या ओळी थोड्या तिरप्या सरकवल्या होत्या. दांडे केव्हाच गेले, पण तिरपेपणा आजच्या लॅपटॉपवरही आहे. अक्षरांच्या जागा बदलून पाहणारेही झाले. ऑगस्ट ड्वोरॅक आणि विल्यम डीली यांची मांडणी 1936 ची. तिच्यावर बोटं कमी धावतात हे खरं, पण मनगट तसंच वाकलेलं राहतं आणि हातांना नव्यानं शिकावं लागतं. दुखण्यावर उपाय म्हणून मी ती कुणाला सुचवणार नाही.

मनगटाचा विचार करणारे वेगळे होते. जर्मनीत एरिख क्लोकेनबर्ग यांनी 1926 मध्येच कीबोर्ड मधून दुभंगावा असं सुचवलं होतं. 1972 मध्ये कार्ल क्रोमर यांनी दुभंगलेल्या आणि बाजूंना उतरत्या कीबोर्डवर प्रयोगांसह लिहिलं. त्याच दशकात ब्रिटनमध्ये टायपिंग शिकवणाऱ्या लिलियन मॉल्ट आणि अभियंता स्टीफन हॉबडे यांनी मॉल्ट्रॉन नावाचा कीबोर्ड घडवला. बोटांच्या लांबीप्रमाणे खोलगट केलेले खळगे, सरळ उभ्या रांगा आणि अंगठ्यांसाठी कळांचा वेगळा झुपका. मला हा अंगठ्यांचा विचार फार मोलाचा वाटतो. हाताचं सगळ्यात ताकदवान बोट नेहमीच्या कीबोर्डवर फक्त स्पेसबार दाबत बसतं आणि एंटर, शिफ्ट, बॅकस्पेसचा भार करंगळीवर पडतो. सर्वसामान्यांपर्यंत हा आकार पोचला तो 1994 मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या वक्राकार 'नॅचरल' कीबोर्डमुळे.

याचा खरंच उपयोग होतो का? 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत हात दुखणाऱ्या 80 जणांना चार गटांत विभागून सहा महिने वेगवेगळे कीबोर्ड दिले होते. त्यांपैकी एक साधा, तुलनेसाठी. दुभंगलेल्या वक्राकार कीबोर्डच्या गटात दुखणं सर्वांत स्पष्टपणे कमी झालं. पण बाकीच्या दोन पर्यायी कीबोर्डांना तसा लाभ दाखवता आला नाही. म्हणजे 'अर्गोनॉमिक', अर्थात शरीराच्या ठेवणीला जुळणारा, हा शब्द खोक्यावर असणं पुरेसं नाही.

निवडताना मग पाहायचं काय? सगळ्यात आधी रुंदी. अंकांच्या कळा रोज लागत नसतील, तर त्या नसलेला कीबोर्ड घ्या. माऊस आठ-नऊ सेंटिमीटर आत येतो आणि खांद्याला त्याच दिवशी फरक कळतो. हिशेबाचं काम असेल, तर अंकांचा सुटा चौकोन डावीकडे ठेवता येतो. त्यानंतर दुभंग. दोन भाग पूर्ण सुटे असतील तर ते खांद्याइतके लांब ठेवता येतात, एकाच चौकटीत असतील तर कोन तरी मोकळा होतो. ज्यांचे खांदे रुंद आहेत त्यांनी सुट्या भागांचा विचार नक्की करावा. मधला भाग तंबूसारखा उचलण्याची सोय असेल तर हाताचं पालथेपण कमी होतं, पण सुरुवातीला 10-15 अंशच ठेवा. फार उभा केला, की कळा दिसेनाशा होतात आणि दंड उचलून धरावे लागतात. मागचे पाय मात्र मिटूनच ठेवावेत. उलट, पुढची कड थोडी उंच आणि मागची खाली असेल तर मनगट आणखी सरळ राहतं.

कळांच्या स्पर्शावर लोक तासन् तास वाद घालतात. त्यातलं मोजता येणारं एवढंच: चांगल्या कळीला साधारण 0.5 ते 0.8 न्यूटन बल लागावं आणि ती 2 ते 4 मिलिमीटर आत जावी. प्रत्यक्षात बहुतेक माणसं कळ उमटायला लागतं त्याच्या दुपटीहून जास्त जोरानं बोट आपटतात. म्हणून कळ कुठे उमटली हे बोटाला कळणं हलकेपणाइतकंच महत्त्वाचं. अर्ध्या वाटेत हलकासा टप्पा जाणवणारी कळ असेल, तर हात हळूहळू तळाशी आपटायचं सोडतो. अतिशय हलक्या कळांवर बोटं टेकवता येत नाहीत. ती सतत हवेत धरून ठेवावी लागतात आणि त्याचाही शीण येतो.

मनगटाखालच्या गादीबद्दल मोठा गैरसमज आहे. ती टाईप करताना टेकण्यासाठी नाही, थांबल्यावर टेकण्यासाठी आहे. तेही तळव्याचा मांसल भाग टेकवावा, मनगटाची आतली बाजू नाही, कारण त्या बोगद्याचं छत तिथेच आहे.

आता माऊस. माझ्या मते कीबोर्डपेक्षा याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार कर्मचाऱ्यांवर केलेला एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हाताच्या मुंग्या-बधिरपणाचा कीबोर्डच्या वापराशी ठळक संबंध दिसला नाही. आठवड्याला 20 तासांहून अधिक माऊस वापरणाऱ्यांत मात्र धोका वाढलेला दिसला. 1999 च्या एका प्रयोगात तर माऊस वापरताना कार्पल टनेलमधला दाब थेट मोजला होता. हात माऊसवर नुसता ठेवला असताना होता त्यापेक्षा बटण दाबून ओढताना तो सुमारे 12 मिलिमीटरनं वाढला आणि 30च्या घरात गेला. माऊस धरण्यापेक्षा आवळून ओढणं महाग पडतं. मजकूर निवडताना ओढण्याऐवजी सुरुवातीला एक क्लिक आणि शेवटाला शिफ्ट धरून दुसरी क्लिक केली, तर हा भार आजच कमी होतो.

डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये पहिला माऊस केला तो लाकडी ठोकळाच होता. आज आकार भरपूर आहेत, पण पहिली गोष्ट अजूनही माप. तळवा पूर्ण टेकेल आणि बोटं सैल पसरतील इतका माऊस हवा. प्रवासासाठी केलेले चिमुकले माऊस चिमटीत धरावे लागतात. रोजच्या कामाला ते वापरू नयेत.

उभा माऊस, म्हणजे हस्तांदोलनासारखा धरायचा, हात पालथा होण्यापासून वाचवतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणाऱ्या अनेकांना तो मानवतो. पण ज्यांना कार्पल टनेलचा विकार आधीच झाला आहे अशांवर 2015 मध्ये केलेल्या तपासणीत उभ्या माऊसनं मनगटाचा कोन बदलला, तरी बोगद्यातला दाब कमी झाला नाही. तेव्हा तो घ्यावा, पण कशासाठी घेतो आहोत ते माहीत असावं. बारीक नेमकेपणाच्या कामात तो थोडा अवघडही वाटतो.

ट्रॅकबॉल, म्हणजे जागच्या जागी बसवलेला गोळा बोटांनी फिरवून पडद्यावरचा बाण हलवायचं साधन, माऊसपेक्षा जुनं आहे. राल्फ बेंजामिन यांनी ब्रिटिश नौदलाच्या रडारसाठी त्याची कल्पना 1946 मध्येच मांडली होती, आणि कॅनडाच्या नौदलासाठी 1952 मध्ये केलेल्या ट्रॅकबॉलमध्ये चक्क खेळातला बोलिंगचा चेंडू बसवला होता. त्याचा मोठा फायदा म्हणजे दंड आणि मनगट जागचे हलत नाहीत, जागाही कमी लागते. खांदा दुखत असेल तर मी सर्वांत आधी हाच करून पाहायला सांगेन. मात्र अंगठ्यानं फिरवायचा छोटा गोळा अंगठ्याच्या मुळाशी नवं दुखणं आणू शकतो. दोन-तीन बोटांनी फिरवायचा मोठा गोळा त्यापेक्षा सुरक्षित. टचपॅडला जोर लागत नाही आणि तो अगदी मधोमध असतो, पण बोटं सतत उचलून धरावी लागतात. चित्रकाम करणाऱ्यांना पेन सोयीचं पडतं, पण तेही घट्ट आवळून धरलं तर दुखतं.

पैसे न लागणारी एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. 1954 मध्ये पॉल फिट्स यांनी दाखवून दिलं, की एखाद्या लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि रुंदीवर ठरतो. लक्ष्य लहान आणि लांब, तर वेळ जास्त. पडद्यावरची अक्षरं आणि चिन्हं मोठी केली, की लक्ष्य रुंद होतं आणि हाताला दबकत, स्नायू आवळून नेम धरावा लागत नाही. बाणाचा वेगही पाहा. पडदा ओलांडायला माऊस दोनदा उचलावा लागत असेल तर वेग कमी आहे, चौकोनावर थांबताना बाण पुढे निसटत असेल तर जास्त.

बोटांची बधिरता रात्री झोप मोडत असेल, हातातून वस्तू सुटत असतील किंवा अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट दिसू लागला असेल, तर कीबोर्ड शोधणं थांबवून डॉक्टरांकडे जा. नसेचा वेग मोजणारी तपासणी असते आणि उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही. फक्त करंगळीला मुंग्या येत असतील तर नस वेगळी आहे, अल्नर. ती कोपराच्या आतल्या बाजूनं जाते. अशा वेळी आधी कोपर टेबलाच्या कडेवर किंवा खुर्चीच्या कडक हातावर टेकतं आहे का ते बघा.

नवं साधन घेतलंत, तर पहिले दोन आठवडे निकाल देऊ नका. दुभंगलेल्या कीबोर्डवर सुरुवातीला वेग हमखास घटतो, कारण मधल्या कळा आपण कुठल्या हातानं दाबत होतो हे तेव्हाच कळतं. रोज तासभरानं सुरुवात करा आणि जुनं साधन जवळ ठेवा. कीबोर्ड आणि माऊस एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते समजणार नाही. परत करण्याची मुदत किती आहे हे आधी विचारून घ्या. आणि संध्याकाळी कागदावर दोनच गोष्टी लिहा: कुठे दुखलं आणि किती वाजता सुरू झालं.