ध्रुवीय हिमगाभ्यांतील लेशमात्र लोहाचे मापन

अंटार्क्टिका व ग्रीनलंड येथील हिमस्तरांत छिद्रण करून काढलेल्या बर्फाच्या दंडगोलांना हिमगाभे म्हणतात. त्यांत अत्यल्प प्रमाणात आढळणारे लोह मोजण्याच्या पद्धतींचा विचार या नोंदीत केला आहे. हे लोह मुख्यतः वाऱ्याबरोबर दूरवरून आलेल्या खनिज धुळीतले असते. ज्वालामुखीची राख आणि वातावरणात जळून गेलेल्या उल्कांचा सूक्ष्म धूर यांचा वाटा सामान्यतः गौण असतो. भूकवचात लोह विपुल असले, तरी ध्रुवीय बर्फात ते दुर्मिळ आहे. पूर्व अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात गेल्या सुमारे ११,७०० वर्षांत, म्हणजे होलोसीन कालखंडात, साचलेल्या एक ग्रॅम बर्फात ते फार तर काही नॅनोग्रॅम आणि बऱ्याचदा त्याहूनही कमी असते.

या मापनाला महत्त्व आले ते समुद्रामुळे. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नायट्रेट व फॉस्फेट मुबलक असूनही वनस्पतिप्लवकांची (पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची) वाढ खुंटलेली दिसते, आणि त्याचे एक प्रमुख कारण लोहाची टंचाई हे आहे. हिमयुगांत वाऱ्याने अधिक धूळ आणली, त्यातील लोहामुळे प्लवक वाढले आणि वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड घटण्यास हातभार लागला, ही उपपत्ती अमेरिकन सागरवैज्ञानिक जॉन मार्टिन यांनी १९९० मध्ये सविस्तर मांडली. शेवटच्या हिमयुगाच्या परमावस्थेत धुळीतून होणारा लोहाचा पुरवठा आजच्या सुमारे ५० पट होता, असा त्यांचा अंदाज होता. तो पूर्व अंटार्क्टिकातील व्होस्टोक येथील गाभ्यावर आधारलेला असला, तरी त्यामागे लोहाची थेट मोजणी नव्हती. त्या गाभ्यात आधी मोजलेल्या ॲल्युमिनियमवरून, भूकवचातील दोन मूलद्रव्यांचे गुणोत्तर धरून, लोहाचे आकडे काढले होते. हिमगाभ्यातील लोहाचा सर्वांत गाजलेला आलेख अशा रीतीने लोह न मोजताच तयार झाला, ही गोष्ट नंतरच्या लेखनात अनेकदा गाळली जाते. धुळीची खनिज रचना स्थिर असेल तर असे गणित एकूण लोहासाठी बऱ्यापैकी जुळते. विरघळणाऱ्या लोहाबद्दल मात्र त्यातून काहीच कळत नाही.

संदूषण : ध्रुवीय बर्फातील लेशमूलद्रव्यांचे जुने आकडे बहुधा नमुन्याचे नसून उपकरणांचे व हाताळणीचे असतात, हे प्रथम शिशाच्या बाबतीत ध्यानात आले. मुरोझुमी, चाऊ व पॅटरसन यांचे १९६९ मधील शिशावरील संशोधन या दृष्टीने पायाभूत मानले जाते. लोहाच्या बाबतीत ही अडचण अधिक बिकट आहे, कारण छिद्रणयंत्राची नळी व पाती सहसा पोलादी असतात. एक किलोग्रॅम बर्फात एक मायक्रोग्रॅम पोलादाचा कण मिसळला, तर प्रति ग्रॅम एक नॅनोग्रॅम लोह वाढते. एवढ्या वजनाच्या कणाची बाजू जेमतेम ५० मायक्रोमीटर, म्हणजे बारीक केसाच्या जाडीएवढी असते. होलोसीन बर्फाचे मूल्य दुप्पट व्हायला असा एखादा कण पुरेसा आहे. शिवाय छिद्र मिटू नये म्हणून त्यात केरोसीनसारखा द्रव भरतात. घट्ट बर्फात तो पृष्ठभागाशीच थांबतो. परंतु वरच्या सच्छिद्र, अजून पूर्ण बर्फ न झालेल्या थरात, ज्याला फर्न म्हणतात, तो संदूषण घेऊन आत झिरपतो. भेगाळलेल्या गाभ्यांचीही तीच गत होते.

यावर दोन उपाय रूढ आहेत. जुन्या पद्धतीत गाभ्याचा तुकडा शीतगृहातील स्वच्छ कक्षात आडवा धरून बाहेरून आत असे एकेक पापुद्रे तासतात. प्रत्येक पापुद्र्यानंतर हत्यार बदलतात किंवा धुऊन घेतात आणि पापुद्रे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवून स्वतंत्रपणे मोजतात. बाहेरच्या पापुद्र्यात आकडा प्रचंड असतो, पुढे तो झपाट्याने उतरतो, आणि आतल्या दोन-तीन पापुद्र्यांत सारखाच राहिला तर ते मूल्य बर्फाचे स्वतःचे मानतात. आकडा केंद्रापर्यंत उतरतच राहिला, तर तो तुकडा बाद करावा लागतो. पद्धत संथ आहे, पण नमुना शुद्ध असल्याचा पुरावा तिच्यातूनच मिळतो. नव्या सलग-प्रवाह पद्धतीत चौरस छेदाची कांडी तापवलेल्या वितळपट्टावर उभी धरतात. पट्टाला समकेंद्री कप्पे असतात. मधल्या कप्प्यातील पाणी थेट विश्लेषकाकडे जाते आणि कडेचे, संदूषित असण्याची शक्यता असलेले पाणी वेगळे काढले जाते. सेंटिमीटराच्या पातळीवरचा तपशील यामुळे हाती येतो. दोन्ही पद्धतींत अतिशुद्ध पाणी गोठवून केलेला कृत्रिम गाभा त्याच सगळ्या टप्प्यांतून नेतात, आणि त्यात सापडलेले लोह हे प्रक्रियेचे देणे समजून वजा करतात.

कोणते लोह : ‘बर्फातील लोह’ ही एकच राशी नाही, आणि प्रकाशित आकड्यांतील बरीचशी विसंगती येथूनच उगम पावते. वितळलेले पाणी लगेच ०.२ किंवा ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून काढून मोजले, तर विद्राव्य लोह मिळते. अर्थात गाळणीतून पार होणारे अतिसूक्ष्म कलिलकणही त्यात येतात. न गाळता नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ठेवल्यास आम्लविद्राव्य लोह मिळते. हायड्रोफ्लुओरिक आम्लाने सिलिकेट खनिजेही विरघळवली, तरच एकूण लोह हाती लागते. यांपैकी आम्लविद्राव्य लोह सर्वाधिक मोजले जाते आणि तेच सर्वांत संदिग्ध आहे, कारण आम्लात ठेवलेल्या नमुन्यातून लोह आठवडेच नव्हे तर महिनोन्‌महिने सुटत राहते. सलग-प्रवाह पद्धतीत आम्लाचा संपर्क काही मिनिटांचाच असतो, त्यामुळे तिचे आकडे बाटलीत साठवलेल्या नमुन्यांपेक्षा कमी येणे साहजिक आहे. आम्लाची संहती (द्रावणातील प्रमाण), तापमान व कालावधी न सांगितलेल्या दोन मालिकांची तुलना करू नये, हे मत ग्राह्य वाटते.

उपकरणे : आज प्रामुख्याने प्लाझ्मा-आधारित द्रव्यमान वर्णपटमापक (आयसीपी-एमएस) वापरतात. त्यात प्लाझ्मामध्ये, म्हणजे अतितप्त आयनित वायूत, नमुन्याचे आयन करून ते वस्तुमानानुसार वेगळे मोजतात. निसर्गातील सुमारे ९१.७ टक्के लोह ५६ द्रव्यमानांकाचे असते. दुर्दैवाने प्लाझ्मातील आरगॉन आणि पाण्यातील ऑक्सिजन यांच्या संयोगाने होणारा आयनही ५६ वरच येतो. दोघांच्या वस्तुमानांतील फरक सुमारे ०.०२२ एकक असल्याने ते वेगळे दिसण्यासाठी सुमारे २,५०० विभेदनक्षमता (जवळजवळची वस्तुमाने वेगळी ओळखण्याची क्षमता) लागते. चुंबकीय क्षेत्रावर चालणारी उच्चविभेदी उपकरणे ती सहज देतात. चतुर्ध्रुवी उपकरणांत हायड्रोजन, हीलियम किंवा अमोनिया भरलेल्या कोष्ठातून आयन नेऊन नको असलेला आयन मोडतात अथवा अडवतात. ५४ किंवा ५७ द्रव्यमानांकाकडे वळूनही सुटका होत नाही. ५४ वर क्रोमियम आणि आरगॉन-नायट्रोजन आयन, तर ५७ वर आरगॉन-हायड्रॉक्सिल आयन येतो. याखेरीज ल्युमिनॉलच्या रासायनिक प्रकाशावर किंवा रंगबदलावर आधारलेल्या प्रवाही पद्धतीही वापरल्या जातात. त्या स्वस्त व सुटसुटीत आहेत.

संहतीकडून निक्षेपाकडे : मोजलेल्या संहतीला त्या काळच्या वार्षिक हिमसंचयाने गुणून दर चौरस मीटरवर दरवर्षी पडलेले लोह काढतात. पूर्व अंटार्क्टिकातील डोम सी येथे संचय आज पाण्याच्या हिशोबाने वर्षाला सुमारे अडीच सेंटिमीटर, तर हिमयुगात त्याच्या साधारण निम्मा होता. त्यामुळे धूळ तेवढीच पडली, तरी संहती वाढलेली दिसते. म्हणून नुसत्या संहतीच्या आलेखांवरून काढलेली पटीची विधाने जपून वाचावीत.

निष्कर्ष : पूर्व अंटार्क्टिकातील लॉ डोम, डोम सी व टॅलोस डोम येथील मोजण्यांनी हिमयुगात लोह वाढले याला दुजोरा दिला आहे. त्या काळची धूळ बहुतांशी दक्षिण अमेरिकेच्या पॅटागोनियातून आली, हे स्ट्राँशियम व निओडिमियम यांच्या समस्थानिकांवरून सामान्यतः मान्य आहे. विद्राव्यतेबद्दल, म्हणजे एकूण लोहापैकी किती विरघळते याबद्दल, मात्र एकवाक्यता नाही. डोम सी व अंटार्क्टिकातीलच बर्कनर बेटाच्या गाभ्यांवरील २०१५ च्या अभ्यासात हिमयुगाच्या परमावस्थेतील लोहाची विद्राव्यता १ ते ४२ टक्के इतकी बदलती आढळली. संगणकीय प्रतिमानांत एकच ठरावीक टक्का धरण्याची प्रथा यामुळे अडचणीत येते. ग्रीनलंडमधील धूळ आशियाई वाळवंटांतली असून हिमयुगात तिच्यात कार्बोनेटांचे प्रमाण अधिक असल्याने बर्फ अल्कधर्मी होतो. तेथील विद्राव्यतेचे आकडे अंटार्क्टिकाला लावता येत नाहीत.

बर्फ म्हणजे बंद कुपी, हे गृहीतकही अलीकडे ढळले आहे. टॅलोस डोम गाभ्यात सुमारे १,००० मीटरांखाली जॅरोसाइट हे लोह व पोटॅशियमचे सल्फेट खनिज धुळीच्या कणांवर बर्फातच तयार झाल्याचे २०२१ मध्ये दाखवण्यात आले. बर्फाचे स्फटिक वाढताना आम्ल व धूळ कडांकडे ढकलली जातात आणि तेथील आम्लधर्मी द्रवाच्या सूक्ष्म पापुद्र्यात खनिजे हळूहळू झिजतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. एकूण लोहाला याने बाधा येत नाही; परंतु खोल बर्फातून मोजलेली विद्राव्यता ही धूळ पडली त्या दिवशीची किती आणि नंतर बर्फात घडलेली किती, हे वेगळे काढण्याची सर्वमान्य रीत अद्याप नाही.