सोळा सिलिंडर आणि थरथरीचे गणित

१९३० च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात कॅडिलॅकने सोळा सिलिंडरांची गाडी मांडली, तेव्हा शेअर बाजार कोसळून जेमतेम तीन महिने झाले होते. फोर्डची साधी गाडी पाचशे डॉलरच्या आसपास मिळत असताना हिची किंमत पाच हजार डॉलरच्या पुढे सुरू होत होती, आणि एवढे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला निव्वळ वेग नको होता. इंजिन चालू आहे की बंद, हे मागच्या आसनावर बसलेल्याला कळू नये, अशी त्याची अपेक्षा होती. जुन्या अमेरिकी आलिशान गाड्यांबद्दल बोलताना शौकीन मंडळी क्रोमचे पत्रे आणि चामड्याच्या गाद्या यांत रमतात. परंतु त्या गाड्यांतील खरे कौशल्य बॉनेटखाली, थरथर मारण्याच्या प्रयत्नांत खर्ची पडले होते.

ही थरथर येते कोठून? पिस्टन वर-खाली जातो, म्हणजे प्रत्येक फेरीत तो दोनदा थांबतो आणि दोनदा उलट दिशेने धावू लागतो. त्याला थांबवण्यासाठी लागणाऱ्या बलाची प्रतिक्रिया इंजिनाच्या सांगाड्यावर येते. एक पिस्टन वर जात असताना दुसरा खाली आणला की दोन्ही प्रतिक्रिया एकमेकींना मारतील, असे वरवर वाटते. पण पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टनची चाल वर आणि खाली सारखी नसते. रॉडची लांबी क्रँकच्या, म्हणजे त्या दांड्याच्या वाकाच्या, त्रिज्येच्या चौपट धरली, तर वरच्या टोकापासून निघालेला पिस्टन पहिल्या पाव फेरीत आपल्या मार्गाचा सुमारे ५६ टक्के भाग कापतो आणि पुढच्या पाव फेरीत उरलेला ४४ टक्के. त्यामुळे वरच्या टोकाशी लागणारे बल खालच्या टोकापेक्षा मोठे असते. या उदाहरणात त्यांचे प्रमाण ५ ला ३ असे पडते. हा फरक शिल्लक राहतो आणि फेरीमागे दोनदा धक्का देतो. यालाच दुय्यम असंतुलन म्हणतात. ओळीने चार सिलिंडर असलेल्या नेहमीच्या इंजिनात चारही पिस्टनांचे हे दुय्यम धक्के एकाच वेळी, एकाच दिशेने पडतात आणि त्यांची बेरीज होते.

कॅडिलॅकने १९१४ च्या सप्टेंबरात आठ सिलिंडरांचे व्ही आकाराचे इंजिन बाजारात आणले. ५.१ लिटर, ७० अश्वशक्ती, आणि अमेरिकेत मोठ्या संख्येने तयार झालेले त्या जातीचे हे पहिलेच. पण त्याचा क्रँकशाफ्ट चार सिलिंडरांच्या इंजिनासारखाच, म्हणजे सगळे वाक एकाच प्रतलात असलेला होता. दोन चार-सिलिंडर इंजिने ९० अंशांच्या कोनात जोडल्यावर दुय्यम धक्क्यांचा उभा भाग एकमेकांना मारतो, मात्र आडवा भाग दुणावतो. परिणामी ही महागडी गाडी ठरावीक वेगाला आडवी थरथरत असे.

त्यावरचा इलाज १९२३ मध्ये आला. नव्या क्रँकशाफ्टचे चार वाक एकमेकांशी ९० अंशांवर, दोन प्रतलांत ठेवले गेले. आता प्रत्येक बाजूच्या चार पिस्टनांचे दुय्यम धक्के आपापसांतच मिटले. मागे राहिली ती इंजिनाला पुढून-मागून डोलवणारी ओढ, आणि तीही क्रँकशाफ्टवर योग्य जागी वजने बसवून घालवता आली. सिलिंडर तेवढेच, आकार जवळजवळ तोच. बदलला फक्त एका दांड्याचा पीळ. माझ्या मते कॅडिलॅकच्या इतिहासातील सर्वांत मोठी झेप हीच आहे, सोळा सिलिंडरांची नव्हे. रस्त्यावर धावणाऱ्या अमेरिकी व्ही-८ इंजिनांत आजही बहुतांशी हाच क्रँकशाफ्ट असतो.

प्रतिस्पर्ध्यांनी दुसऱ्या वाटा धरल्या. पॅकार्डने १९१५ मध्ये बारा सिलिंडरांचे इंजिन आणले. सहा सिलिंडरांची ओळ मुळातच संतुलित असल्याने तशा दोन ओळी जोडणे हा शहाणपणाचा मार्ग होता. अध्यक्ष वॉरन हार्डिंग १९२१ मध्ये शपथविधीला गेले ते याच गाडीतून, आणि मोटारीतून शपथविधीला जाणारे ते पहिले अमेरिकी अध्यक्ष ठरले. ड्यूसेनबर्गने एका ओळीत आठ सिलिंडर ठेवले. ही रचनाही संतुलित असते. तिची अडचण वेगळीच आहे. आठ सिलिंडरांखालचा लांबलचक क्रँकशाफ्ट प्रत्येक स्फोटासरशी ओल्या पंचासारखा किंचित पिळला जातो आणि परत सुटतो. स्फोटांची वारंवारता या पिळाच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली, तर दांडा मोडण्यापर्यंत वेळ येते.

१९२८ च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल जे’मध्ये ड्यूसेनबर्गने यावर पारा वापरला. क्रँकशाफ्टला पाऱ्याने जवळजवळ भरलेल्या छोट्या नळकांड्या पक्क्या बसवल्या. दांडा झटक्याने पिळला की नळकांडी त्याच्याबरोबर फिरते. पण पाण्याच्या साडेतेरा पट जड असलेला पारा जडत्वामुळे मागे रेंगाळतो, आत घुसळतो, आणि पिळाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने विरून जाते. ६.९ लिटरच्या या इंजिनाला बत्तीस व्हॉल्व्ह होते आणि कंपनी २६५ अश्वशक्तीचा दावा करत असे. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) बसवलेल्या ‘एसजे’ची एक गाडी इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी घेतली होती, लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधलेली तिची नारिंगी-काळी बॉडी शौकिनांना आजही छायाचित्रावरून क्षणात ओळखू येते.

कॅडिलॅकचे सोळा सिलिंडरांचे इंजिन म्हणजे आठ-आठ सिलिंडरांच्या दोन ओळी, ४५ अंशांच्या कोनात, एकाच क्रँकशाफ्टवर. हा कोन दिसण्यासाठी निवडलेला नाही. चार धावांचे चक्र दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पुरे होते. त्याला सोळाने भागले की ४५ उरतात, म्हणून दर ४५ अंशांनी न चुकता एक स्फोट होतो. मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या संथ गतीलाही सेकंदाला ४० स्फोट पडतात. त्याच गतीला चार सिलिंडरांचे इंजिन दहाच देते, आणि ते दहाही अंगाला वेगवेगळे जाणवतात. शिवाय ७.४ लिटर सोळांत विभागल्यावर एका सिलिंडरच्या वाट्याला अर्ध्या लिटरहूनही कमी येते, म्हणजे प्रत्येक धक्काही लहान. चालू इंजिनावर नाणे कडेवर उभे राहते, ही प्रात्यक्षिकाची आवडती रीत त्यातूनच आली.

राहता राहिली व्हॉल्व्हची टकटक. धातू तापून प्रसरण पावतो, म्हणून व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांत थोडी फट ठेवावी लागते, आणि बत्तीस फटींचा आवाज मऊ इंजिनात अधिकच बोचतो. अभियंता ओवेन नॅकर यांच्या या इंजिनात रॉकर विकेंद्री बुशवर, म्हणजे मध्य बाजूला सरकलेल्या धातूच्या कड्यावर, झुलतो; तेलाच्या दाबावर चालणारा छोटा दट्ट्या ते बुश किंचित फिरवून फट आपोआप भरून काढतो. याच तत्त्वावरचे हायड्रॉलिक टॅपेट पुढे साध्या गाड्यांतही आले.

एवढे करूनही १९३० ते १९४० या काळात सोळा सिलिंडरांच्या गाड्या चार हजारांच्या आसपासच खपल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पहिल्याच वर्षी. मंदी हे कारण खरेच, पण एकमेव नव्हे. १९३१ मध्ये प्लिमथच्या स्वस्त गाडीने चार सिलिंडरांचे इंजिन रबरी आधारांवर असे बसवले, की ते आपल्या गुरुत्वमध्याभोवती हवे तेवढे हलावे आणि हादरा चौकटीपर्यंत पोहोचूच नये. १९३६ मध्ये खुद्द कॅडिलॅकच्या ५.७ लिटरच्या व्ही-८ ने १३५ अश्वशक्ती दिली. सोळा सिलिंडरांचे इंजिन १६५ वर सुरू झाले होते. तेवढ्या फरकासाठी दुप्पट सुटे भाग कोण सांभाळणार?

आज ही इंजिने सांभाळणारे तेच भोगतात. दोन्ही ओळींना स्वतंत्र कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे साधन) असल्याने ते एकमेकांशी तंतोतंत जुळवावे लागतात, आणि एखादा स्पार्क प्लग मेला तरी उरलेले पंधरा सिलिंडर ती उणीव झाकून टाकतात. म्हणून एकेक प्लग आळीपाळीने बंद करून, कोणत्या वेळी इंजिनाची गती मुळीच पडत नाही, हे पाहावे लागते. सर्वांत चिवट दुखणे जस्ताच्या ओतीव भागांचे आहे. त्या काळच्या मिश्रधातूत शिसे किंवा कथील अल्प प्रमाणात मिसळलेले असे आणि दमट हवेत ही अशुद्धी स्फटिकांच्या सीमांवरून धातू आतून पोखरते. ९९.९९ टक्के शुद्ध जस्तापासून केलेले मिश्रधातू १९२९ नंतर मिळू लागले, पण सर्वांनी ते लगेच वापरले नाहीत. पोखरलेला भाग भेगाळतो आणि फुगतोही. त्यामुळे जुना कार्ब्युरेटर समोर ठेवून नवा ओतायचा म्हटले, तर माप मोठे येते आणि भोके जुळत नाहीत. जाणकार कारागीर म्हणूनच त्या भागाचे माप घेत नाहीत. तो ज्यावर बसतो त्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बैठकीचे घेतात.