बिडाच्या पोटातला सीरियम

चीनने एप्रिल २०२५मध्ये सात दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चहा पिताना ‘आपला काय संबंध?’ असं कानावर आलं. संबंध आहे. याच कुळातला सीरियम त्या सातांत नव्हता, पण बेळगावच्या फौंड्र्यांत तो रोज वितळतो.

नावातल्या ‘दुर्मीळ’वर जाऊ नका, भूकवचात सीरियम साधारण तांब्याइतका आहे. निपाणीत बिडी शिलगावणाऱ्या लायटरच्या ‘दगडा’त मुख्यतः सीरियम आणि लोखंडच असतं.

मला भुरळ पडते ती त्याच्या बिडातल्या, म्हणजे ओतीव लोखंडातल्या, कामाची. साध्या बिडात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. वितळलेल्या लोखंडाचा रस थिजताना तो ग्रॅफाइटचे पातळ पापुद्रे होऊन बाहेर पडतो. पापुद्र्याची प्रत्येक धार म्हणजे तयार भेग; म्हणून बीड घणाच्या घावाने काडकन तुटतं. पापुद्रेच का? रसातलं गंधक आणि ऑक्सिजन ग्रॅफाइटच्या स्फटिकाच्या कडांना चिकटतात, म्हणून तो आडवाच पसरत जातो. सीरियम या दोघांना आधीच बांधून टाकतो. मग ग्रॅफाइट थरावर थर चढवत कांद्यासारखा गोल वाढतो. गोळीला धार नसते. भेग धावणार कुठून? बीड वाकतं, तुटत नाही.

ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ हेन्टन मॉरो यांनी १९४८मध्ये सीरियमने हे करून दाखवलं. पुढे स्वस्त मॅग्नेशियमने बाजी मारली. पण तो १०९० अंशांना उकळतो आणि रस असतो १४०० अंशांच्या वर, म्हणून लाडलमधून, म्हणजे रस वाहून नेणाऱ्या भांड्यातून, तो पांढराशुभ्र भडका उठतो. सीरियमचा उत्कलनबिंदू ३४०० अंशांच्या घरात; तो रसात शांत बसतो. शिवाय भंगारातून आलेलं शिसं, टायटॅनियम गोळ्या बिघडवतात, त्यांनाही तो आवरतो. म्हणून मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत आजही चिमूटभर सीरियम असतो.

गोळ्या घडवण्याचा हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरू लागतो. माल सारखा रिजेक्ट होतो म्हणून भट्टीला लिंबू-मिरच्या बांधलेल्या मी पाहिल्या आहेत. तिथे नजर कुणाची लागलेली नसते, ओतायला उशीर झालेला असतो. साचा फोडून निघालेल्या तुकड्यावर हातोडी मारून बघा: साधं बीड ‘थप्’ वाजतं, गोळ्यांचं बीड देवळातल्या घंटेसारखं घुमतं.