लॅपटॉपवर कोणतं लिनक्स टाकू? या प्रश्नामागची चौतीस वर्षं

नागपुरात बर्डीवरच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत सध्या एक वाक्य सारखं कानावर पडतं : "भाऊ, याच्यावर नवीन विंडोज नाही चढत. दुसरा घेऊन टाका." १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे २०१६-१७ साली घेतलेला, आजही धडधाकट चालणारा लॅपटॉप केवळ या अटींमुळे बाद ठरतो.

माझ्या भाचीचा लॅपटॉप त्यातलाच. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. ती बी.कॉम.ला आहे, घरून नवीन लॅपटॉपसाठी पैसे मागायचे नाहीत हे तिने ठरवलं होतं. "मामा, लिनक्स टाकून देता का? पण कोणतं? पन्नास नावं दिसून राहिली."

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ती वेगवेगळ्या नावांच्या संचांत मिळते. तिला मी एक नाव सांगितलं, ते खाली येईलच. पण आज 'नवशिक्यांसाठी सोपं' म्हणून जी नावं पुढे येतात, त्यातलं प्रत्येक नाव कुठल्या तरी जुन्या अडचणीचं उत्तर म्हणून जन्माला आलं आहे. ती अडचण कळली की निवड अवघड राहत नाही.

सुरुवात सोपेपणासाठी झालीच नव्हती. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा मोकळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर कुणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. अवजारं तयार होत गेली, पण यंत्र आणि बाकीचं सॉफ्टवेअर यांना जोडणारा गाभा म्हणजे कर्नल रखडला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीत शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्सने आपण छंद म्हणून एक कर्नल लिहीत असल्याचं कळवलं. ग्नूसारखं मोठं काही होणार नाही, असंही त्याने सोबत लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी तो कर्नल ग्नूच्या परवान्याखाली आला आणि दोन्ही अर्धी कामं जुळली.

नुसत्या कर्नलवर कुणाचं पत्र टाइप होत नाही. कर्नल, अवजारं, खिडक्या-मेनू, इन्स्टॉलर हे सगळं एकत्र बांधून देणारा संच लागतो, त्याला आपण डिस्ट्रो म्हणतो. १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन आले. डेबियन इयन मरडॉकने सुरू केलं, आणि डेब्रा हे त्याच्या त्या वेळच्या मैत्रिणीचं नाव अधिक इयन मिळून ते नाव झालं. आज नवशिक्याला सुचवली जाणारी बहुतेक नावं, म्हणजे उबुंटू, मिंट, झोरिन, शिवाय आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस, याच डेबियनच्या घराण्यातली आहेत. यादी लांब दिसत असली तरी मूळ खोड एकच आहे.

त्या काळी अडचणी खरोखर मोठ्या होत्या. पडद्यावर चित्र दिसावं म्हणून मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारिता स्वतः भरावी लागे, आणि चुकीचे आकडे भरले तर मॉनिटर खराब होऊ शकतो अशी ताकीद समोर येई. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारे, संगणकात बसवलेले स्वस्त मोडेम अर्धं काम विंडोजवर सोपवत, त्यामुळे लिनक्सवर ते मुके होत. इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर, नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही! खिडक्या-मेनू देणारं केडीई १९९८ साली आणि तसंच ग्नोम १९९९ साली पक्कं झालं, तेव्हा माउसने चालणारा पडदा मिळाला. फ्रान्सच्या गाएल दुवालने १९९८ साली मँड्रेक हे डिस्ट्रो काढलं, ते नवख्या माणसाला समोर ठेवूनच. मला वाटतं, 'सोपं लिनक्स' ही कल्पना खऱ्या अर्थाने तिथून धरली गेली.

पण सगळ्यांत मोठी उडी २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांच्या नॉपिक्सने मारली. सीडी टाकायची, संगणक सुरू करायचा आणि हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण लिनक्स वापरून बघायचं. घेण्याआधी संत्र्याची फोड चाखून बघावी तसं. आज पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालवून बघा असं जे सांगितलं जातं, ते या सीडीमुळे रूढ झालं.

ती सीडी नागपुरात मिळायची कुठे? डायल-अपचा वेग उत्तमात उत्तम ५६ केबीपीएस. ६५० एमबीची सीडी त्या वेगाने अखंड उतरवली तरी जवळपास २६ तास, आणि घरचा फोन तोवर बंद. म्हणून पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या लिनक्सच्या सीड्या हातोहात फिरत. मग २० ऑक्टोबर २००४ रोजी उबुंटूची पहिली आवृत्ती आली. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी स्वतःचा पैसा घातला होता, आणि मागेल त्याला ते पोस्टाने सीडी पाठवत, टपालखर्चासकट फुकट. २०११ पर्यंत ती योजना चालली.

आमच्या महाल भागातल्या घरी ते पुठ्ठ्याचं पाकीट २००५ साली पोस्टमनने आणून दिलं. आत दोन सीड्या, एक चालवून बघायची आणि एक बसवायची. परदेशातून आपल्या नावाने काही येणं हीच आमच्या वाड्यात बातमी होती. बघण्याची सीडी झकास चालली. तपकिरी पडदा, वर मेनू. बसवायच्या सीडीने निळ्या पडद्यावर पार्टिशनबद्दल, म्हणजे डिस्कच्या कुठल्या भागात बसवायचं ते, विचारलं तेव्हा मी पूर्ण डिस्क निवडली. बाबांच्या दुकानाचे दोन वर्षांचे हिशोब त्यात गेले. बाबा रागावले नाहीत, नुसते वह्या काढून पुन्हा लिहायला बसले, आणि ते मला जास्त लागलं. तेव्हापासून कुणाचाही लॅपटॉप हातात घेतला की आधी सगळ्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर कॉपी करतो, त्या उघडून बघतो, आणि मगच पेनड्राइव्ह लावतो.

जून २००६ च्या ६.०६ आवृत्तीत उबुंटूने त्या दोन सीड्या एक केल्या. चालवून बघता बघताच बसवता येऊ लागलं. दीर्घ सपोर्टची, म्हणजे एलटीएस आवृत्तीही तीच पहिली. नवशिक्याने एलटीएसच घ्यावं हे माझं ठाम मत आहे. दर सहा महिन्यांनी येणारं नवं रूप त्याच्या काहीही कामाचं नसतं.

तरी एक खोट राहिली होती. एमपीथ्रीवर पेटंट असल्यामुळे उबुंटूत गाणं लावलं की ते वाजतच नसे. २००६ सालीच क्लेमाँ लफेव्र यांनी उबुंटूच्या पायावर मिंट सुरू केलं आणि गाणी-चित्रपटांना लागणारे कोडेक आधीच घालून दिले. मिंट लोकांच्या घरात शिरलं ते या साध्या गोष्टीमुळे. पुढे २०११ साली ग्नोम ३ आणि उबुंटूच्या युनिटी या नव्या रूपाने पडद्याची सवयीची मांडणीच बदलली, तेव्हा मिंटने खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू असलेलं सिनॅमन घडवलं. उबुंटू स्वतः २०१७ साली युनिटी सोडून ग्नोमकडे परतलं. विंडोजवरून येणाऱ्याला बिचकायला होऊ नये म्हणून आयर्लंडच्या झोरिन बंधूंनी २००९ सालीच झोरिन काढलं होतं. तेही देखणं आहे, पण ४ जीबी रॅमवर माझा कौल मिंटच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीला.

इतकं सगळं होऊनही आपल्याकडे लिनक्स घरोघरी का गेलं नाही? केरळच्या सरकारी शाळांनी संगणक शिक्षण मोकळ्या सॉफ्टवेअरवर आणलं. महाराष्ट्रात २००१ साली एमकेसीएल ही संस्था स्थापन झाली, तिचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम गावागावांत पोहोचला, लाखो लोक त्यातून पहिल्यांदा संगणकाला बसले. हे काम मोठंच आहे. पण त्यांच्या हाताला वळण लागलं ते विंडोज आणि एमएस ऑफिसचं. दुसरीकडे 'डॉसवाला', म्हणजे विंडोज नसलेला, स्वस्त लॅपटॉप घ्यायचा आणि दुकानदाराने त्यावर चोरीचं विंडोज टाकून द्यायचं, ही रीत पडली. फुकटचं विंडोज मिळत असताना फुकटच्या लिनक्सकडे कोण बघणार?

मराठीचाही प्रश्न होता. १९९१ हे वर्ष तिथेही येतं. त्याच वर्षी इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक ठरलं आणि युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या मानकाच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. तरी जोडाक्षरं लिनक्सच्या पडद्यावर नीट बसायला बरीच वर्षं गेली. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ साली लोहित फॉन्ट मोकळे केले, स्वयंसेवकांनी ग्नोम आणि केडीईचे मेनू मराठीत आणले. आज मिंट बसवताना सुरुवातीलाच मराठी निवडता येतं.

भाचीच्या लॅपटॉपवर मी मिंट २२ टाकलं. त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं. पडदा, आवाज, कॅमेरा ठीक होतं, वायफाय दिसेना. तिचा फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडला, त्याने चिप ओळखून ड्रायव्हर सुचवला. पाच मिनिटांत घरचं वायफाय यादीत आलं. पंचवीस वर्षांपूर्वी माणसं या एका अडचणीपायी नाद सोडून देत. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही हे तिला आधीच सांगितलं होतं. तिचा टॅलीचा सराव क्लासमधल्या संगणकावर होतो, म्हणून अडलं नाही. ज्याला ते घरीच लागतं त्याने मात्र हा विचार आधी करावा.

शेवटी कीबोर्ड इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या मांडणीवर नेला. तिला प्रोजेक्टच्या मुखपृष्ठावर 'वऱ्हाडातील कापूस बाजार' असं लिहायचं होतं, आणि फोनवर तिला तो आडवा र कधी सापडला नव्हता. शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू, मग ई. पडद्यावर 'ऱ्हा' उमटलं, कुठेही न तुटता. "अरे वा, इतकं सोपं होतं!" म्हणाली, आणि तेच अक्षर तिने आणखी चार वेळा काढून बघितलं.